सोळावं मत

रेवदंडा
६ सप्टेंबर २०२५

सदामामा,

पाया पडते आणि लगेच खुलाशाला सुरुवात करते. "प्राची कुठल्या तरी परदेशाशी तह करतेय, एक दिवस दारात पोलीस येतील," असं आई काल तुला फोनवर सांगत होती ना? मी मागेच उभी होते. मग तू तेजस्वीताईकडून निरोप पाठवलास, "फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं, तिला सविस्तर लिहून पाठवायला सांग." बावीस वर्षं मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी होतास, सवय जायची नाही. तर घे.

मामा, तो खेळ आहे. 'मांडलिक' नावाचा. पुण्याच्या काही मुलांनी बनवलाय. संगणकावर एक मोठा नकाशा, त्यात तीसेक देश, आणि प्रत्येक देश खरी माणसं मिळून चालवतात. आमचा देश म्हणजे शिंपलद्वीप, समुद्रातलं एक बेट. आमच्या सभागृहात तेवीस सभासद, कुणी नाशिकचा, कुणी पेणचा, एक दुबईचासुद्धा. चौलचा क्लास सुटला की मी संध्याकाळी तासभर खेळते. दोन वर्षांत नुसत्या सभासदापासून परराष्ट्रमंत्री झाले! हसू नकोस.

आता तह. आमच्या शेजारी गिरवाड नावाचा मोठा देश आहे. त्यांची परराष्ट्रमंत्री अमिषा. ती खरी राहते उलव्याला, वडिलांचे ट्रक आहेत. चार महिने आम्ही दोघी भांडून भांडून करार लिहितोय. व्यापाराचा भाग असा की आमची सुकी मासळी आणि मोती त्यांच्या बंदरात जकातीशिवाय उतरणार, त्यांचं धान्य आमच्याकडे येणार. संरक्षणाचा भाग असा की एकावर हल्ला झाला तर दुसऱ्याने गलबतं घेऊन धावायचं. परवा दोघींनी सह्या केल्या. मी क्लासमधल्या पोरांना पेढे वाटले!

पण सहीने काही होत नाही. तह सभागृहात मंजूर व्हायला हवा, तेही दोन तृतीयांश मतांनी. म्हणजे तेवीसातली सोळा. माझ्याकडे आत्ता अकरा आहेत. मतदान १२ ऑक्टोबरला, रविवारी. विरोधी पक्षनेता हर्षद, पनवेलचा. आठ जणांचा गट आहे त्याचा, आणि बोलायला लागला की समोरच्याला स्वतःचं नावसुद्धा आठवत नाही.

घाई का, तर उत्तरेकडचं तामसर साम्राज्य एकेक बेट गिळत चाललंय. दोन गेली. बेट गेलं की तिथल्या सगळ्या माणसांचा खेळ संपला, दोन वर्षांचं सगळं पुसलं जातं. पुढचं बेट आमचंही असू शकतं.

तू सांग, माणसांचे हात वर कसे करवतात?

तुझी प्राची


दिघी
१३ सप्टेंबर २०२५

चि. प्राचीस सदामामाचा आशीर्वाद.

पत्र पावलं. दोनदा वाचलं. शिंपलद्वीप नकाशात सापडलं नाही. जावयाने मोबाईलवर शोधलं, तिथेही नाही. मग तेजस्वी म्हणाली, "बाबा, खेळ हाय तो, खरं बेट न्हाय." मी म्हटलं, "माणसं तरी खरी हायेत ना?" ती म्हणाली, "व्हय." मग झालं. माणसं खरी असली की बैठक खरीच.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या बंदरात ओहोटीला पाणी किती उरतं? गिरवाडची मोठी गलबतं मदतीला धावणार म्हणतेस, ती आत शिरतील का? हे कुणी मोजलंय का? नसेल तर आधी मोजा.

आता मुद्द्याचं. हात बैठकीत वर होत नाहीत, पोरी. बैठकीत ते नुसते दिसतात. वर होतात ते आधी, घराघरात, ओट्यावर, चहा पिताना. बैठकीत भाषण करून कुणाचं मत फिरवलेलं मी बावीस वर्षांत एकदाही पाहिलं नाही. म्हणून एकेकाला गाठ. आणि सगळ्यात आधी त्याला गाठ, ज्याचं या तहाने नुकसान होणार आहे. जो जिंकणार आहे तो कुठे पळत नाही. ज्याचं जाणार आहे त्याला कुणी विचारत नाही, आणि तोच मागे बसून चार जणांना फिरवतो. त्याला तहाबद्दल काही सांगायला जाऊ नकोस. "तुला भीती कशाची वाटते?" एवढंच विचार आणि गप्प बस.

मी स्वतः असाच करार केलाय. सन १९९८. मी तेव्हा रेवदंड्यालाच होतो, तिथल्या खाडीच्या दोन्ही बाजूंच्या कोळीवाड्यांचा. डोल जाळ्यांचे खुंट कुणी कुठे रोवायचे यावरून पिढ्यान्‌पिढ्या मारामाऱ्या चालत. मी आणि पलीकडचा बुधाजी तांडेल, आम्ही दोघांनी बसून हद्द ठरवली. त्यांनी आमच्या जेटीवर मासळी उतरवायची, आम्ही त्यांच्या बाजूला बर्फ घ्यायचा, आणि बाहेरचे ट्रॉलर आत घुसले तर दोघांनी मिळून हाकलायचे. म्हणजे तुझा तहच की! एका बैठकीत मंजूर करून घेतला. बहुमताने.

तुझ्या आईला, नीराला म्हणावं, पोलीस येणार नाहीत. आले तर माझं नाव सांग.

सदामामा


रेवदंडा
२३ सप्टेंबर २०२५

सदामामा, सदामामा!

चौदा! चौदा झाले!

सगळं तू सांगितलंस तसं केलं. ज्याचं नुकसान होणार तो कोण म्हणून बसून विचार केला, तर उत्तर अगदी समोर होतं. शुभम. पेणचा, घरची खरोखरची मिठागरं होती त्यांची, खेळातही त्याने मिठाचाच गट काढलाय, तीन मतांचा. गिरवाडचं मीठ स्वस्तात आलं की त्याचा गट संपला. आणि मी चार महिन्यांत त्याला एक शब्द विचारला नव्हता, मामा! फोन केला. "तुला भीती कशाची वाटते?" विचारलं आणि गप्प बसले. मग म्हणाला, "ताई, आमच्या आज्याचं मिठाचं आगर भरावाखाली गेलं. तवा बी कोन विचाराया आला नव्हता. खेळात बी तसंच व्हनार असं वाटलं."

लगेच अमिषाला गाठलं. "मीठ तीन वर्षं करारातून बाहेर ठेव." ती ओरडली, "प्राची, तू ना दिमाग खराब करतेस माझा! माझे लोक मला खाऊन टाकतील." पण शेवटी ऐकलं. बदल्यात तिच्या गलबतांना आमच्या गोदीत दुरुस्ती फुकट. शुभमचे तिन्ही आले.

आणि बंदराचं पाणी! खेळाच्या नकाशात खोली दिलेली असते, कुणी बघतच नाही. मी पाहिली. गिरवाडची मोठी गलबतं आमच्या दक्षिणेच्या बंदरात शिरूच शकत नाहीत! तहात चुकून तेच बंदर लिहिलं होतं. आता उत्तरेचं लिहिलं. अमिषाने विचारलं, "तुला हे कोणी सांगितलं?" म्हटलं, "आमचे नौदल सल्लागार दिघीला असतात."

आता हर्षद. त्याने सभागृहात नववं कलम धरलंय. त्यात लिहिलंय, 'दोन्ही देशांपैकी कोणीही युद्धात असल्यास दुसरा देश मदत करील.' हर्षद म्हणतो, "उद्या गिरवाडनेच कुणावर हल्ला केला तरी आपली पोरं मरायला पाठवायची का? परराष्ट्रमंत्र्यांनी स्वतःचा तह वाचलाय का?" सगळे हसले, मामा.

म्हणून मी एक युक्ती शोधलीय. आमच्या नियमात तातडीची बैठक आहे, एक दिवस आधी सूचना दिली की बोलावता येते, आणि तिथे हजर असतील त्यांच्या दोन तृतीयांशात तह मंजूर होतो. हर्षदच्या गटातले चार जण एकाच इंजिनियरिंग कॉलेजचे आहेत. ९ ऑक्टोबरला त्यांची परीक्षा आहे. त्या दिवशी बैठक लावली तर उरतात एकोणीस, लागतात तेरा. माझ्याकडे चौदा आहेत! हर्षद नुसता बघत राहील.

कशी आहे? शाबास म्हण. आणि तुझ्या १९९८ च्या कराराची सगळी हकीकत लिहून पाठव. भाषणात सांगणार आहे. खऱ्या समुद्रावर झालेला खरा करार, माझ्या मामाने केलेला!

तुझी प्राची


दिघी
२९ सप्टेंबर २०२५

चि. प्राचीस आशीर्वाद.

मिठाचं छान केलंस. बंदराचंही.

माझी हकीकत भाषणात घालू नकोस. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

तातडीची बैठक लावू नकोस.

इकडे वारा आहे, बोटी परत आल्यात. तेजस्वी बरी आहे.

सदामामा


रेवदंडा
५ ऑक्टोबर २०२५

सदामामा,

तुझं पत्र काल आलं. पाच ओळी. मी पाकीट उलटं करून झटकलं, आणखी एखादा कागद असेल म्हणून.

मला राग आला, खरं सांगते. मी एवढं सगळं लिहावं आणि तू 'वारा आहे' लिहावंस? म्हणून आईला विचारलं, मामाने खाडीचा करार कसा केला होता. आई मासे साफ करत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "कसला करार? तो तं टिकलाच न्हाय." मी विचारलं, "म्हणजे?" ती म्हणाली, "तुझ्या मामालाच इचार. मी न्हाय बोलनार त्यावर."

मी विचारते आहे.

इकडे फार वाईट चाललंय. शुक्रवारी तामसरने तिसरं बेट घेतलं. तिथला केतन म्हणून एक मुलगा, श्रीवर्धनचा, मला खेळातली पहिली पायरी त्याने शिकवली होती. त्याने फक्त एवढंच लिहिलं, "चला, निघतो. मजा आली." आणि खेळातून गेलेल्यांचं होतं तसं त्याचं नाव पांढरं झालं. तामसरची एकतीस गलबतं आता आमच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी आहेत. रोज संध्याकाळी सहाला सगळ्यांच्या चाली एकदम उघडतात. रोज सहा वाजता मी आधी सामुद्रधुनी बघते, मग बाकीचा नकाशा.

माझ्याकडे पंधरा झाले. रुचिता म्हणून पनवेलची नर्स आहे, कुठल्याच गटात नाही, ती आली. रविवारी पूर्ण सभागृहात सोळा लागतील, मला एक कमी पडतंय. गुरुवारी, त्या चौघांच्या परीक्षेच्या दिवशी, तेरा पुरतील. बुधवारी सकाळपर्यंत मला सूचना द्यावी लागेल, म्हणून या पत्राचा फोटो तेजस्वीताईच्या मोबाईलवर पाठवतेय. तू कारण सांगितलं नाहीस तर मी देणार.

प्राची


दिघी
७ ऑक्टोबर २०२५

चि. प्राची,

हे पत्र पोस्टाने वेळेत पोचायचं नाही. तेजस्वी फोटो काढून मोबाईलवर पाठवतेय. तिला वाचू नकोस म्हटलंय. ती वाचणार.

मी खोटं लिहिलं नव्हतं. करार एका बैठकीत मंजूर झाला, बहुमताने. पण बैठक मी कधी लावली ते लिहिलं नाही.

करार चांगला होता. मी आणि बुधाजीने तीन महिने घालवले त्यावर. पण आमच्या वरच्या आळीचे बोटवाले विरोधात होते, त्यांचे जुने खुंट बुधाजीच्या हद्दीत जात होते. मी त्यांच्याकडे गेलो नाही. मला वाटलं, तोंड घालतील, मोडतील, माझं नाव जाईल. वरच्या आळीच्या बोटी चार दिवसांसाठी बाहेर गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी मी बैठक बोलावली. कोरम भरत होता. नियमात बसत होतं. सगळे हात वर झाले. मी माझ्या हाताने ठराव लिहिला, 'सर्वानुमते मंजूर.' मला तेव्हा तुझ्यासारखाच आनंद झाला होता. मीही पेढे वाटले.

बुधाजीने पेढा खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे आमच्या हद्दीतले आपले खुंट उपटले. माझ्या शब्दावर.

बोटी परतल्या. वरच्या आळीने ठराव फाडून माझ्या अंगावर टाकला. म्हणाले, "आमी न्हवतो, आमाला लागू न्हाय." पुढच्या हंगामात स्वतःचे जुने खुंट न सोडता बुधाजीच्या मोकळ्या जागेवरही त्यांनी जाळी लावली. तो अडवायला गेला. दोन बोटी एकमेकींवर आल्या आणि बुधाजीचा उजवा हात मधे सापडला. तीन बोटं गेली. त्याच्यासारखं जाळं विणणारा खाडीत नव्हता, प्राची.

मी दवाखान्यात गेलो नाही. त्याच्या घरीही गेलो नाही. सत्तावीस वर्षं मुरुडकडून तुमच्याकडे येणाऱ्या गाडीत मी त्याच्या गावाच्या उलट्या बाजूच्या खिडकीशी बसतो.

म्हणून सांगतो. रिकाम्या खुर्च्यांमध्ये जिंकलेलं टिकत नाही. मंजूर झाल्यासारखं दिसतं, एवढंच. आणि त्याच्यावर विश्वास टाकून जो आपले खुंट उपटतो, त्याचं वाटोळं होतं. तुझी ती अमिषा तिची गलबतं पाठवेल, आणि इकडे चार जण म्हणतील आम्ही नव्हतो.

सगळ्यांना बसव. त्या चौघांना परीक्षा देऊन येऊ दे. हरलीस तर भरल्या सभेत हर.

आणि तो हर्षद बरोबर बोलतोय. नववं कलम वाईट आहे. मी असतो तर मीही विरोध केला असता.

सदामामा


रेवदंडा
१३ ऑक्टोबर २०२५

मामा,

तुझं पत्र मी क्लासच्या बाहेर पायरीवर बसून वाचलं. बुधवारी सूचना दिली नाही. त्याऐवजी हर्षदला फोन केला.

पुढचं सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर मी एकदम शेवटच सांगून टाकेन!

हर्षदने फोन उचलताच म्हटलं, "बोला मंत्रीबाई, गुरुवारी बैठक लावताय ना? मला माहीत आहे." त्याला युक्ती आधीच कळली होती! म्हटलं, "नाही लावत. रविवारी, सगळ्यांसमोर. आणि नववं कलम मला दुरुस्त करून दे." मग म्हणाला, "मला हरवायचं सोडून कामाला लावतेस?" मी म्हटलं, "तुझ्याइतकं ते कलम कुणी वाचलेलंच नाही." एक सांगते, त्याने तासाभरात मसुदा पाठवला. साधं वाक्य, 'जो देश प्रथम हल्ला करील त्यास मदत मिळणार नाही. तसेच कोणाचेही आरमार आपल्या सभागृहाच्या संमतीशिवाय निघणार नाही.' मी अमिषाला वाचून दाखवलं. मला वाटलं आता ही फोन आपटणार. तर ती हळूच म्हणाली, "यार, हे मलाच हवं होतं. आमचे सेनापती कधी कुठे घुसतील, नेम नाही." तिनेही रविवारीच पाच वाजता त्यांच्या सभागृहात मतदान ठेवलं.

रविवार. आमची बैठक चारला. सहाला चाली उघडणार. तामसरची एकतीस गलबतं तोंडाशी. आईला सांगितलं, दोन तास मला हाक मारू नकोस. ती म्हणाली, "व्हय, तू राज्य कर," आणि मग स्वतःच खुर्ची घेऊन शेजारी येऊन बसली.

तेवीसच्या तेवीस हजर! दोन वर्षांत पहिल्यांदा. मी भाषण अगदी थोडं केलं. तुझं नाव घेतलं नाही. एवढंच म्हटलं की मला आज सकाळपर्यंत मतं मोजता येत होती, आता येत नाहीत, कारण आज सगळे आलेत. मग हर्षद उठला. मामा, काय बोलला! म्हणाला, "नववं कलम मी लिहिलंय आणि ते चांगलं आहे. तरी मी विरोध करणार. मोठ्या झाडाच्या सावलीत रोप जगतं, वाढत नाही. पण माझ्या गटावर माझी सक्ती नाही. ज्याला जे पटेल त्याने ते करावं." मी त्याच्याकडे बघतच राहिले. म्हणजे संगणकाकडे.

मतदान एकेकाचं नाव घेऊन, मोठ्याने. आमचे अकरा झाले. रुचिता बारा. शुभम तेरा, त्याचा एक माणूस चौदा. आणि त्याचा तिसरा म्हणाला, "विरोध." मामा, मी आधीच लिहून ठेवलेला पंधराचा आकडा खोडला. शुभम ओरडला, "अरं, काय करतोस?" तो म्हणाला, "तीन वर्षांनी मिठाचं काय? त्याचं लिहिलंय कुठं?" आणि खरंच लिहिलेलं नव्हतं!

चौदा. उरला फक्त हर्षदचा गट. आठांतून मला दोघं हवे. पहिला, विरोध. दुसरी, विरोध. तिसरा, परीक्षेवाल्यांतला, तो म्हणाला, "बाजूने. आम्हाला गुरुवारी वगळता आलं असतं, वगळलं नाही, म्हणून." पंधरा! आईने माझा दंड धरला. चौथा विरोध. पाचवा विरोध. सहावा विरोध. हर्षद स्वतः, "विरोध." एकच नाव उरलं. दिपेश, दुबईचा. दोन वर्षांत कधी तोंड उघडलं नाही त्याने. सभापतींनी पुकारलं, "दिपेश?" काही नाही. "दिपेश?" काही नाही. आई म्हणाली, "मेला काय?" तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा लिहून आलं, 'माईक बिघडलाय. बाजूने.'

सोळा! सोळा विरुद्ध सात! मी किंचाळले, शेजारच्या काकी धावत आल्या, त्यांना वाटलं कुणाला काही झालं. आई त्यांना सांगत होती, "तह झाला आमचा, तह!"

साडेपाचला अमिषाचा फोन, "झालं! आमचंही झालं! आता बघ काय करते ते." तिच्या सभागृहाने संमती दिली आणि तिने चाळीस गलबतं निघायचा हुकूम दिला. उत्तरेच्या बंदराकडे, मामा. दक्षिणेच्या नाही. सहाला नकाशा उघडला. आमच्या बंदरात गिरवाडची चाळीस, बाहेर तामसरची एकतीस. आणि त्या एकतिसांच्या सगळ्या खुणा उलट्या दिशेला वळलेल्या होत्या. निघाले! एकही गोळा न झाडता निघाले!

केतनला कळवलं. तो नवीन नावाने पुन्हा आलाय, आमच्याच बेटावर.

मी नाचून झाल्यावर तुझं पत्र परत वाचलं. मामा, माझा तह खेळातला आहे. उद्या ते पुण्याचे लोक खेळ बंद करतील. तुझा खाडीतला होता. मी लहान आहे, पण एक विचारते, बुधाजी तांडेल अजून आहेत ना?

तुझी प्राची


दिघी
२९ ऑक्टोबर २०२५

चि. प्राचीस आशीर्वाद, आणि अभिनंदन. सोळाव्या मतापाशी मी वाचताना थांबलो आणि पाणी प्यालो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आहे. मी जाऊन आलो.

भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी फेरीबोटीने आगरदांड्याला उतरलो, गाडी धरली. या खेपेला त्यांच्या बाजूच्या खिडकीशी बसलो. रेवदंड्याच्या पुलाच्या अलीकडेच उतरलो, म्हणून तुमच्याकडे आलो नाही. नीराला सांग, रागावू नकोस.

रस्ताभर मी काय बोलायचं ते घोकत होतो. त्याला बाजूला घ्यायचं, हळूच सांगायचं, असं ठरवलं होतं. घर सापडलं. बुधाजी ओट्यावर जाळं विणत बसला होता. डाव्या हाताने, प्राची. उजव्याच्या उरलेल्या दोन बोटांत दोरा धरून. सुई चाललीच होती. मी समोर उभा राहिलो. त्याने वर पाहिलं. ओळखलं. परत जाळ्यात बघायला लागला.

मी हळूच म्हटलं, "बुधाजी, मला एक सांगायचंय." काही नाही. परत म्हटलं. काही नाही. आतून त्याची बायको ठमी आली. मला पाहून तिचा चेहरा दगडासारखा झाला. म्हणाली, "त्याला ऐकाया येत न्हाय. बोलायचं तं वरडून बोल."

पोरी, मी काय करणार? सत्तावीस वर्षं जे मी स्वतःशीही पुटपुटलो नव्हतो ते मला वाडीच्या मधोमध उभं राहून ओरडावं लागलं. "बैठक मी मुद्दाम त्या दिवशी लावली! वरची आळी बाहेर होती म्हणून लावली! तुला मी सांगितलं न्हाय!" बायका टोपल्या खाली ठेवून थांबल्या. पोरं आली. जेटीवरून माणसं आली. बुधाजी कानामागे हात धरून म्हणाला, "काय? परत बोल." मी परत ओरडलो. त्याने तिसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदाही ओरडलो. तिसऱ्यांदा माझ्या लक्षात आलं की त्याने पहिल्यांदाच ऐकलं होतं. सगळ्यांना ऐकवत होता.

बुधाजीने सुई खाली ठेवली. म्हणाला, "मला वाटलं व्हतं, तुझ्या लोकांनी तुला फसवला. तूच फसवलंस ते आज कळलं." मी मान हलवली. तो म्हणाला, "माफी न्हाय देत." मी म्हटलं, "मागाया आलोच न्हाय." ते खरं नव्हतं. मागायलाच गेलो होतो.

बराच वेळ मी उभाच होतो. शेवटी ठमी म्हणाली, "उन्हात किती येळ उभा ऱ्हानार? बस." मी ओट्याच्या कडेला बसलो. बुधाजीने विचारलं, "आता कशाला आलास? मरायला टेकलास काय?" मी तुझी गोष्ट सांगितली. तीही ओरडूनच, त्यामुळे सगळ्या वाडीला तुझा तह पाठ झालाय. चौदाव्या मताला पोरं जवळ सरकली. दिपेशचा माईक बिघडला तेव्हा बुधाजी हसला. दात दोनच उरलेत त्याचे.

चहा दिला नाही. पण निघताना तो माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आला, गाडी येईपर्यंत थांबला.

गाडीत चढताना त्याने माझा शर्ट मागून ओढला. म्हणाला, "त्या हर्षदनं कलम लिहून दिलं आनि मत इरोधात दिलं. तुझी भाची त्याच्याशी अजून बोलते का?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

"मग इचार तिला. आनि उत्तर मला पाठवाया सांग, तुला न्हाय."

तर त्याला लिही. ठमी ओरडून वाचून दाखवेल, पण तरीही अक्षर मोठं काढ. आणि काही गाळू नकोस.

सदामामा